फोटो संपादनासाठी वीस हजारांच्या आत मॉनिटर: नेमके काय पाहून घ्यावे?

ऐरोली_खाडीकाठ

नमस्कार. मी ऐरोलीत राहतो आणि थंडीपासून उन्हाळ्यापर्यंत ठाणे खाडीत उतरणाऱ्या रोहित पक्ष्यांची छायाचित्रे काढतो. संपादन आतापर्यंत लॅपटॉपवरच करत आलो आहे. रोहिताने पंख उघडले की आतला लालभडक भाग दिसतो. तो माझ्या पडद्यावर मान जरा खाली केली तर गडद आणि वर केली तर फिकट दिसतो, त्यामुळे खरा रंग कोणता हेच ठरवता येत नाही. त्यातच ठाण्यातल्या एका लॅबमधून करून घेतलेले बारा बाय अठराचे प्रिंट पडद्यावर दिसत होते त्यापेक्षा बरेच काळवंडलेले आले आणि पंखांतला लाल रंग पिसांचा पोत न दिसता सपाट डागासारखा उमटला.

स्वतंत्र मॉनिटरसाठी वीस हजार रुपयांपर्यंत खर्च करण्याची तयारी आहे. एका दुकानदाराने सत्तावीस इंची फोर-के आणि एचडीआर (उजेड-अंधाराचा मोठा पल्ला दाखवण्याची सोय) असलेला मॉनिटर सुचवला, तर दुसऱ्याने वक्र पडद्याचा गेमिंग मॉनिटर. लॅपटॉपला फक्त एचडीएमआय आहे. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

कळवा_कॅमेरा

आपल्या लॅपटॉपच्या माहितीपत्रकात ‘४५ टक्के एनटीएससी’ असे लिहिले आहे का, ते आधी पाहा. स्वस्त लॅपटॉपवर हा आकडा सर्रास आढळतो आणि त्याचा अर्थ असा, की एसआरजीबी या सर्वमान्य रंगमर्यादेपैकी जेमतेम साठ-पासष्ट टक्के रंगच तो पडदा दाखवू शकतो. मान हलवल्यावर रंग बदलणे हे बहुधा टीएन या स्वस्त प्रकारच्या पॅनेलचे लक्षण आहे. अशा पडद्यावर कितीही मन लावून काम केले तरी रंगाचा निर्णय अंदाजानेच घ्यावा लागतो.

म्हणून पहिली अट आयपीएस पॅनेलची, म्हणजे कोन बदलला तरी रंग सहसा न बदलणाऱ्या पडद्याची ठेवा. गेमिंगच्या वक्र पडद्यांत बहुतांशी व्हीए पॅनेल असते. त्यात काळा रंग खोल दिसतो हे खरे, पण बघण्याचा कोन बदलला की सावलीतल्या छटा बदलतात आणि आपली मूळ अडचण तशीच राहते. दुसरी अट एसआरजीबीची व्याप्ती शंभर टक्के किंवा त्याच्या अगदी जवळ असण्याची, आणि तिसरी कारखान्यातच रंग जुळवून दिलेले असण्याची. हे जुळवणे किती अचूक आहे ते डेल्टा-ई या मापाने सांगतात. हा आकडा दोनच्या आत असेल, तर मूळ रंग आणि पडद्यावरचा रंग यांतला फरक डोळ्यांना सहसा जाणवत नाही.

अडोबी आरजीबी या एसआरजीबीहून मोठ्या रंगमर्यादेचा मॉनिटर घ्यावा असे आपल्याला कोणीतरी सांगेलच, म्हणून त्याबद्दल थोडे सविस्तर लिहितो. अडोबी आरजीबी आणि एसआरजीबी यांचे मूळ लाल आणि मूळ निळा हे दोन्ही बिंदू एकच आहेत. फरक आहे तो हिरव्याचा. म्हणजे जास्तीचे पैसे मोजून कांदळवनाच्या हिरव्या छटा किंवा खाडीच्या पाण्यातला हिरवट निळा जास्त मिळेल, पण रोहिताच्या लाल-गुलाबीत म्हणण्यासारखी भर पडणार नाही. आपल्या विषयासाठी चांगला एसआरजीबी मॉनिटर पुरेसा आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

या अटींत बसणारा मॉनिटर म्हणून असूसच्या प्रोआर्ट मालिकेतला पीए२४८क्यूव्ही पाहावा. तो २४.१ इंची असून त्याचे रिझोल्यूशन १९२० बाय १२०० आहे. नेहमीच्या १०८० ओळींपेक्षा या जास्तीच्या उंचीमुळे लाइटरूम या फोटो संपादनाच्या सॉफ्टवेअरच्या पट्ट्या उघड्या ठेवूनही चित्राला जागा उरते. वीस हजारांत मिळणारा सत्तावीस इंची फोर-के रंगांच्या बाबतीत कुठेतरी कमी पडण्याचीच शक्यता जास्त. आणि या किमतीतल्या मॉनिटरवरचे एचडीआर हे बहुतेक वेळा फक्त खोक्यावरच असते, त्यामुळे त्याचा विचार सोडून द्यावा.

नौपाडा_प्रिंट

मी अनेक वर्षे छपाईच्या कामात आहे. आपल्या काळवंडलेल्या प्रिंटचे कारण बहुधा मॉनिटरच्या प्रकारात नसून ब्राइटनेसमध्ये आहे, आणि नवा मॉनिटर घेतल्यावरही ते दूर केले नाही तर हीच तक्रार पुन्हा येईल. मॉनिटर कारखान्यातून अडीचशे-तीनशे निट्सपर्यंत (निट हे पडद्याच्या उजेडाचे माप) उजळ करून येतात, कारण दुकानाच्या झगमगाटात ते उठून दिसावे लागतात. छपाईसाठी संपादन करताना ही पातळी शंभर ते एकशेवीसच्या आसपास हवी. पडदा जास्त उजळ असला की चित्र पुरेसे प्रकाशमान आहे असे वाटून आपण ते गडद ठेवतो आणि कागद ते जसेच्या तसे दाखवतो.

मोजण्याचे यंत्र हाताशी नसेल तर पडद्यावर संपूर्ण पांढरे पान उघडावे, शेजारी टेबललॅम्पच्या उजेडात कोरा फोटो पेपर धरावा आणि दोन्ही सारखे उजळ दिसेपर्यंत पडद्याचा ब्राइटनेस उतरवावा. हा उपाय ढोबळ असला तरी बराच उपयोगी पडतो. दिवा ५००० केल्व्हिनच्या जवळचा असावा. पिवळ्या दिव्याखाली गुलाबी रंग नारिंगी भासतो. पडद्याचा पांढरा रंग (व्हाइट पॉइंट) ६५०० केल्व्हिन आणि गॅमा (मधल्या छटा किती उजळ दिसाव्यात याचे माप) २.२ ठेवावा. विंडोजचा नाइट लाइट काम करताना न चुकता बंद ठेवावा.

लाल डागाबद्दल सांगायचे, तर तो मॉनिटरचा दोष नसण्याची शक्यता आहे. एकूण हिस्टोग्राम (चित्रातल्या उजळ-गडद छटांचा आलेख) ठीक दिसत असतानाही एकटा लाल चॅनेल उजव्या भिंतीला टेकलेला असू शकतो आणि तिथेच पिसांचा पोत नाहीसा होतो. सर्वच रंगांचे सॅच्युरेशन वाढवण्याऐवजी लाल आणि मॅजेंटा थोडे खाली आणून पाहा. लॅबकडे तिच्या कागदाचे आयसीसी प्रोफाइल (त्या कागदावर रंग कसे उमटतात हे सांगणारी फाइल) मागा, देणाऱ्या लॅब देतात. ते लावून सॉफ्ट प्रूफिंग केले, म्हणजे प्रिंट कसा येईल हे पडद्यावरच पाहिले, की कोणता रंग कागदावर येणार नाही हे छपाईआधीच कळते.

पाम_बीच

वरील दोघांशी मी सहमत आहे, फक्त आकाराबाबत थोडा मतभेद नोंदवतो. आणखी काही महिने थांबून पैसे साठवणे शक्य असेल, तर सत्तावीस इंची २५६० बाय १४४० घ्यावा. त्यात इंचाला साधारण १०९ पिक्सेल बसतात, चोवीस इंचीत ९४. पक्ष्याच्या डोळ्याची आणि पिसांच्या कडांची धार तपासताना हा फरक जाणवतो. मात्र सत्तावीस इंचात १९२० बाय १०८० कदापि घेऊ नये, त्यात ८२ च पिक्सेल राहतात.

खरेदी ऑनलाइन करा किंवा लॅमिंग्टन रोडवर, पण दुकानात जाणार असाल तर पेन ड्राइव्हवर दोन चित्रे न्यावीत. एक पूर्ण काळे, ज्यावर कोपऱ्यांतून झिरपणारा उजेड दिसतो. दुसरे काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत हळूहळू उजळत जाणारे राखाडी, ज्यावर पायऱ्या पडल्या तर छटा तुटत आहेत असे समजावे. एसआरजीबी मोड चालू करून ब्राइटनेस कमी करता येतो का, हेही तिथेच पाहावे. काही मॉनिटरवर त्या मोडमध्ये ब्राइटनेस बदलताच येत नाही.

ऐरोली_खाडीकाठ

सर्वांचे मनापासून आभार. लॅपटॉपवर खरोखरच ४५ टक्के एनटीएससी निघाले, आणि त्या प्रिंटच्या फाइलमध्ये लाल चॅनेलही पूर्ण टेकलेला आहे. चोवीस इंचीच घेण्याचे ठरवतो आहे. कॅलिब्रेटर (पडद्याचे रंग मोजून जुळवणारे यंत्र) लगेच घ्यावा का? आणि एचडीएमआयमुळे रंगांत काही कमी पडेल का?

कळवा_कॅमेरा

कॅलिब्रेटर लगेच नको. कारखान्यात जुळवलेल्या मॉनिटरवर सुरुवातीचे काही महिने निभावतात. पुढे स्पायडर किंवा कॅलिब्राइटचे यंत्र तीन-चार मित्रांनी मिळून घ्यावे, कारण ते महिन्यातून एकदाच लागते; डिस्प्लेकॅल हे मोफत सॉफ्टवेअर त्यासोबत चालते. एचडीएमआयने रंग कमी होत नाहीत, फक्त लॅपटॉप कधीकधी मॉनिटरला टीव्ही समजतो आणि काळा रंग राखाडी दिसू लागतो. तसे झाले तर ग्राफिक्सच्या सेटिंगमध्ये आउटपुट रेंज ‘लिमिटेड’ असेल, ती ‘फुल’ करावी.