भर चौकात फाशी, आणि विषय क्रमांक ६

[रविवार, रात्री ८:४७]

मृणाल (ए-४०३): समोरच्या कॉम्प्लेक्सच्या गेटवर उन्हाळी शिबिराचा बॅनर लागलाय. बुद्धिबळ, वय ६ ते १२. खाली फोटो कोणाचा आहे ते जाऊन बघा. नाव लिहीत नाही, लिहायची गरजही नाही.

शुभांगीकाकू (ए-१०१): मी सकाळीच पाहिला गं. हातपाय गार पडले.

निखिल (सी-६०२): म्हणजे आपले "सर"?? क्लब हाऊसवाले??

मृणाल (ए-४०३): तेच.

साठेकाका (बी-१०२): (फॉरवर्ड केलेला मेसेज) लहान मुलांवर वाईट नजर टाकणाऱ्याला भर चौकात फाशी द्या!! ना वकील, ना तारीख!! सहमत असाल तर १० ग्रुपना पाठवा.

प्रसाद (बी-५०४): काका, हा काल तुम्ही मॉर्निंग वॉकच्या ग्रुपवरही टाकला होता.

साठेकाका (बी-१०२): चांगला विचार कितीदाही टाकावा.

निखिल (सी-६०२): काका बरोबर बोलतायत. असल्यांना कोर्ट-बिर्ट कशाला? २०२४ मध्ये बदलापूरच्या शाळेतल्या अत्याचाराच्या आरोपीचं काय झालं माहितीये ना. पोलिसांच्या व्हॅनमध्येच गोळी, विषय संपला.

वैशाली (सी-२०१): कुठे संपला? दंडाधिकाऱ्यांच्या चौकशी अहवालात पाच पोलिसांवर ठपका आला. पुढे हायकोर्टात सगळी चर्चा त्या गोळीचीच. त्या चिमुरड्यांच्या पालकांना तक्रार द्यायला पोलीस ठाण्यात तासन्‌तास का बसवून ठेवलं, शाळेने कळूनही का कळवलं नाही, हे आता कोणाला आठवतंय? शाळेच्या व्यवस्थापनावरही गुन्हा दाखल झाला होता, तेवढं तरी लक्षात ठेव.

निखिल (सी-६०२): मॅडम तुम्ही वकील, तुम्ही असंच बोलणार.

वैशाली (सी-२०१): मी आरोपींची केस घेत नाही रे. मुलांच्या बाजूने सरकारी वकिलांना मदत करते. दहा वेळा सांगून झालंय.

डोंगरे (सेक्रेटरी): सर्व सभासदांना नम्र विनंती. हा ग्रुप फक्त सोसायटीच्या सूचनांसाठी आहे. वैयक्तिक मते वैयक्तिक ठिकाणी मांडावीत. उद्या टाकी सफाई, सकाळी ७ ते ११ पाणी नाही. 🙏

प्रसाद (बी-५०४): मग साठेकाकांची फाशी कशात धरायची? सूचना की वैयक्तिक?

साठेकाका (बी-१०२): माझी फाशी???

प्रसाद (बी-५०४): मेसेजमधली हो काका 😀

शुभांगीकाकू (ए-१०१): प्रसाद, हसण्यावारी न्यायचा विषय नाही हा.

निखिल (सी-६०२): (हा मेसेज हटवण्यात आला)

वैशाली (सी-२०१): निखिल, हटवलंस ते बरं केलंस. मुलीचं नाव, बिल्डिंग, शाळा, काहीही लिहायचं नाही. पोक्सोचं, म्हणजे बाललैंगिक अत्याचारविरोधी कायद्याचं, कलम २३. ओळख उघड करणाऱ्याला सहा महिने ते एक वर्ष कैद, किंवा दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. तुझ्या हेतूचा तिथे काही उपयोग नाही.

निखिल (सी-६०२): सॉरी. पण मी तिच्या बाजूनेच बोलत होतो.

मृणाल (ए-४०३): माझा प्रश्न तसाच राहिला. उद्या पोलीस ठाण्यात कोण येतंय माझ्याबरोबर?

[रात्री ९:१०]

साठेकाका (बी-१०२): पोलीस काय करणार? कायदाच कमकुवत आहे आपला. (फॉरवर्ड केलेला मेसेज) लहान मुलांवर वाईट नजर टाकणाऱ्याला भर चौकात फाशी द्या!! ना वकील, ना तारीख!!

वैशाली (सी-२०१): काका, फाशी आहे कायद्यात. २०१८ मध्ये बारा वर्षांखालच्या मुलींवरच्या बलात्काराला आली. २०१९ मध्ये पोक्सोच्या कलम ६ मध्ये मुलगा असो की मुलगी, सगळ्या मुलांसाठी आली. त्याच कलमात किमान वीस वर्षं, नाहीतर जन्मठेप, आणि तिथे जन्मठेप म्हणजे मरेपर्यंत आत. याहून कडक काय हवंय?

साठेकाका (बी-१०२): आहे ना, पण देतात का कोणाला?

वैशाली (सी-२०१): शिक्षा सुनावतात, अंमल होत नाही. कोल्हापूरच्या त्या दोन बहिणी आठवतात ना, मुलं पळवून मारणाऱ्या? २००१ मध्ये फाशी सुनावली, २००६ मध्ये सुप्रीम कोर्टात कायम झाली, २०१४ मध्ये दयेचा अर्ज फेटाळला. आणि २०२२ मध्ये हायकोर्टाने जन्मठेप केली, कारण अर्जावर निर्णय द्यायला सरकारनेच वर्षानुवर्षं लावली. एवढ्या वर्षांत त्या मुलांच्या आईबापांच्या पदरात काय पडलं?

आगाशे (सी-१०३): म्हणूनच निखिल म्हणतो ते पटतं. तिथल्या तिथे.

शुभांगीकाकू (ए-१०१): आगाशे, तिथल्या तिथे म्हणजे कोण ठरवणार? तुम्ही? गेल्या महिन्यात कुरिअरवाल्या पोराला चोर समजून गेटवर अडवून ठेवलं होतं याच ग्रुपने.

आगाशे (सी-१०३): तो विषय वेगळा आहे.

प्रसाद (बी-५०४): त्याच्याकडे आगाशेकाकांचंच पार्सल होतं.

आगाशे (सी-१०३): कृपया विषयांतर नको.

निखिल (सी-६०२): एक सांगा वैशालीताई. भीती बसायला नको का? कडक शिक्षा असेल तर दहा वेळा विचार करेल माणूस.

वैशाली (सी-२०१): विचार काय करेल तेही बघ. बलात्काराला आणि खुनाला एकच शिक्षा असेल, तर साक्षीदार जिवंत ठेवून त्याचा काय फायदा? आणि इथे साक्षीदार म्हणजे ते मूलच. निर्भया प्रकरणानंतर नेमलेल्या वर्मा समितीने २०१३ मध्ये बलात्कारासाठी फाशीची शिफारस केली नव्हती, ते काही दयेपोटी नाही. दुसरं म्हणजे, दरवर्षी एनसीआरबीचे, म्हणजे राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचे, आकडे येतात. नव्वद टक्क्यांहून जास्त प्रकरणांत आरोपी मुलाच्या ओळखीचा असतो. काका, मामा, शेजारी, शिकवणीचे सर, कधी सख्खा बाप. माझ्यासमोर आजी येऊन नातीला सांगते, तू खरं बोललीस तर बापाला फासावर चढवतील. आठ वर्षांची पोर. ती काय बोलणार? सरळ साक्ष फिरवते. आरोपी सुटतो आणि तिच्याबरोबरच घरी जातो. चौकातल्या फाशीची भीती त्याच्यापर्यंत पोचतच नाही, तिच्यापर्यंत मात्र नीट पोचते.

निखिल (सी-६०२): हे असं कधी डोक्यात आलं नव्हतं.

शुभांगीकाकू (ए-१०१): पण वैशाली, एक सांगते. राग येणं चूक नाही गं. तीस वर्षं वर्गात उभी राहिले मी. जो लहान लेकराच्या विश्वासाचा असा वापर करतो, त्याला जन्मभर आत ठेवलं तर मला कणभर वाईट वाटणार नाही. क्षमा, सुधारणा वगैरे शब्द मला इथे सुचतही नाहीत. फक्त त्या रागाने सकाळी उठून काहीतरी काम करावं, एवढंच वाटतं. फॉरवर्ड करून झोपून जाऊ नये.

साठेकाका (बी-१०२): हे मला उद्देशून आहे का?

शुभांगीकाकू (ए-१०१): ज्याचं त्याने बघावं.

फडके (ए-२०२): माझ्या पार्किंगमध्ये पांढरी गाडी कोणाची उभी आहे? तिसरा दिवस. सेक्रेटरी, दखल घ्यावी.

डोंगरे (सेक्रेटरी): फडकेसाहेब, वॉचमनला सांगतो.

मृणाल (ए-४०३): फडकेकाका, प्लीज.

प्रसाद (बी-५०४): (फोटो)

प्रसाद (बी-५०४): जुना फोन चाळत होतो. जून २०२२, क्लब हाऊस. सरांचा निरोप समारंभ. शाल कोण घालतंय बघा.

[रात्री ९:३१]

नेहा (बी-३०३) टाइप करत असावी असं दोन मिनिटं दिसत होतं. मेसेज आला नाही.

साठेकाका (बी-१०२): प्रसाद, हे बरोबर नाही. मी तेव्हा अध्यक्ष होतो. पदाधिकारी म्हणून शाल दिली. सर्वानुमते ठरलं होतं.

मृणाल (ए-४०३): सर्वानुमते काय ठरलं होतं काका? गाजावाजा नको, क्लास बंद करू, गोडीगुलाबीने जाऊ दे. सोसायटीचं नाव खराब होईल, फ्लॅट विकले जाणार नाहीत. मी होते त्या मीटिंगला.

साठेकाका (बी-१०२): कमिटीपुढे लेखी काहीच नव्हतं. नुसत्या संशयावर एखाद्याला आयुष्यातून उठवायचं का? त्यालाही बायको-मुलं आहेत. त्याची बाजू कोणी ऐकली होती का?

प्रसाद (बी-५०४): ना वकील, ना तारीख.

साठेकाका (बी-१०२): तू मध्ये बोलू नकोस.

वैशाली (सी-२०१): काका, संशयावर शिक्षा नको हे तुमचं शंभर टक्के बरोबर. म्हणून तर संशयावर तक्रार करायची असते. पोक्सोचं कलम १९ वाचा. गुन्हा घडला असं कळलं, किंवा घडेल अशी भीती वाटली, तरी पोलिसांना कळवणं प्रत्येकावर बंधनकारक आहे. पुरावा गोळा करणं तुमचं काम नाही. चांगल्या हेतूने कळवलं आणि पुढे काही निघालं नाही, तर कळवणाऱ्यावर कारवाई होत नाही. घडलेलं कळूनही गप्प बसलं, तर कलम २१ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते.

आगाशे (सी-१०३): म्हणजे त्या वेळची अख्खी कमिटी आत??

डोंगरे (सेक्रेटरी): असं काही कोणी म्हटलेलं नाही. कृपया अफवा पसरवू नयेत.

निखिल (सी-६०२): शाल घातली राव. फोटो झूम करून बघतोय. आपण सगळे टाळ्या वाजवतोय. मी पण आहे मागे.

नेहा (बी-३०३): मी इथे कधी लिहीत नाही. ज्या मुलीने तेव्हा सांगितलं होतं, तिने फाशी मागितली नव्हती. तिने फक्त विचारलं होतं की मी खरं सांगितलं, तर मग सरांना गिफ्ट का दिलं? मला आजपर्यंत उत्तर देता आलेलं नाही. कडक शिक्षा काय असावी ते तुम्ही ठरवा.

[रात्री ९:५२]

फडके (ए-२०२): वॉचमन म्हणतो गाडी कोणाची माहीत नाही. असं कसं माहीत नाही?

शुभांगीकाकू (ए-१०१): फडके, थोडा वेळ थांबा हो.

मृणाल (ए-४०३): नेहा, मी तुला फोन करते.

वैशाली (सी-२०१): नेहा, तीन वर्षांहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्याला तक्रारीची मुदत नसते. उशीर झाला म्हणून दार बंद नाही. आणि तिचा जबाब तिच्या घरी घेता येतो, शक्यतो महिला अधिकारी, गणवेशात नाही. कोर्टात आरोपी तिच्या नजरेला पडू द्यायचा नाही, असाही नियम आहे. पण हे सगळं तिला हवं असेल तरच. तिने नाही म्हटलं, तरी शिबिराबद्दल आपण कळवू शकतो. १०९८ ला, म्हणजे चाइल्डलाइनला, फोन केला तरी चालतो. एक माणूस पुरे.

निखिल (सी-६०२): मी येतो उद्या. हात उचलणार नाही, शपथ.

शुभांगीकाकू (ए-१०१): मीही येते. दहा वाजता गेटवर.

डोंगरे (सेक्रेटरी): भावना समजू शकतो. पण सोसायटीचं नाव येणार असेल तर रीतसर व्हावं. शनिवारच्या सभेत विषय घेऊ. अजेंडा आधीच छापला आहे, त्यामुळे विषय क्र. ६, लिफ्टच्या एएमसीनंतर.

मृणाल (ए-४०३): शिबिर गुरुवारी सुरू होतंय डोंगरेकाका.

डोंगरे (सेक्रेटरी): बरं. मग आजच लेटरहेडवर पत्र तयार करतो, सर्वांनी सह्या कराव्यात. सकाळी तेच न्यावं.

वैशाली (सी-२०१): सह्यांची गरज नाही, पण केल्यात तर बिघडत नाही. मुलीचा उल्लेख एका शब्दानेही नको. मसुदा मला दाखवा.

प्रसाद (बी-५०४): पहिली सही साठेकाकांची. फाशीची मागणी सगळ्यात आधी त्यांनीच केली होती.

साठेकाका (बी-१०२): सही करायला माझी ना नाही. पण पहिलं नाव माझं नको. त्या माणसाशी घरोबा होता, उगाच गैरसमज होतील.

डोंगरे (सेक्रेटरी): नावे वर्णानुक्रमे घेऊ, म्हणजे वाद नको.

प्रसाद (बी-५०४): वर्णानुक्रमे आगाशेकाका पहिले.

आगाशे (सी-१०३): माझा तत्त्वतः पाठिंबा आहेच. पण आम्ही शुक्रवारपासून बाहेरगावी आहोत, पुढच्या आठवड्यात येऊ. सही जमणार नाही. 🙏

फडके (ए-२०२): आगाशे, तुमच्या गॅलरीतला दिवा चालू आहे. खाली या आणि गाडी काढा.