पुढच्या महिन्यात बाद होणारे रिवॉर्ड पॉइंट कसे वटवावेत?

निळी_वही:

तीन ठिकाणी पॉइंट साठले आहेत.

एसबीआय कार्ड: एकूण ९,६४०. त्यातले ६,२०० पुढच्या महिनाअखेरीस बाद होतील असं स्टेटमेंटवर आलंय. कॅटलॉगमध्ये ४ पॉइंटला १ रुपया असा भाव दिसतो.
एचडीएफसी रेगालिया गोल्ड: एकूण ११,३००. पैकी ४,५०० ची मुदत तीन महिन्यांत संपते.
टाटा न्यू ॲप: ७४० न्यूकॉइन (तिथले पॉइंट).

विचारायचं असं: बिलातून वजा करून घ्यावेत, व्हाउचर घ्यावं की तिकीट काढावं? फक्त बाद होणारेच पॉइंट निवडून वापरता येतात का? आणि मुदतीच्या किती दिवस आधी हे उरकावं? दिवाळीत नागपूरहून बंगळूरला विमानाने जायचं आहे, आणि किराणा दर महिन्याला ऑनलाइनच येतो. यातलं कशात बसवता आलं तर बरं.

हिशेबनीस:

आधी सर्वांत सोप्याचं. न्यूकॉइनला १ रुपयाचा सरळ भाव आहे. बिगबास्केटवर किराण्याचं बिल भरताना वापरून टाका. त्यात विचार करण्यासारखं काही नाही.

आता एसबीआय. या पॉइंटांची मुदत बहुतेक कार्डांवर जमा झाल्यापासून २४ महिने असते आणि वापरताना सर्वांत जुने आधी कापले जातात. त्यामुळे ‘बाद होणारेच’ असे वेगळे निवडावे लागत नाहीत. ६,२०० किंवा त्याहून जास्त पॉइंट वटवले की धोक्यातले सगळे आपोआप त्यात गेले.

खरी मेख शुल्कात आहे. वटवण्याच्या प्रत्येक विनंतीला ९९ रुपये आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ११६ रुपये ८२ पैसे पुढच्या बिलात लागतात. ५०० रुपयांचं व्हाउचर घेतलंत तर त्याचा जवळजवळ साडेतेवीस टक्के भाग शुल्कातच जातो. २,००० रुपयांच्या व्हाउचरवर तेच शुल्क सहा टक्क्यांच्या आत येतं. आणि पाव रुपयाच्या भावाने ४६७ पर्यंत पॉइंट असतील तर वटवणं चक्क तोट्याचं, कारण मिळणाऱ्या रकमेपेक्षा शुल्क जास्त होतं. महिन्याला पाचशे-पाचशेचं व्हाउचर काढणारे लोक इथेच मार खातात.

तुमच्या बाबतीत दोन मार्ग दिसतात. १,५०० रुपयांचं व्हाउचर घेतलंत तर ६,००० पॉइंट जातील, बाद होणाऱ्यांतले २०० उरतील आणि त्यांचे ५० रुपये बुडतील. २,००० रुपयांचं घेतलंत तर ८,००० जातील. ६,२०० जुने संपतील, वर १,८०० नवे लागतील आणि १,६४० पॉइंट शिल्लक राहतील. त्यांची मुदत अजून लांब आहे, ते पुढच्या खेपेला मोठ्या व्हाउचरात घाला. दोन्हीकडे शुल्क एकदाच, म्हणून मी दुसरा मार्ग घेईन.

रेगालिया गोल्डचं गणित वेगळं आहे, कारण तिथे पॉइंटचा भाव तुम्ही काय घेता त्यावर ठरतो. ११,३०० पॉइंटांचे असे पैसे होतात:

बिलातून वजा, २० पैसे भावाने: २,२६० रुपये
व्हाउचर किंवा वस्तू, जास्तीत जास्त ३५ पैसे: ३,९५५ रुपये
एचडीएफसीच्या स्मार्टबाय पोर्टलवर विमान किंवा हॉटेल, ५० पैसे: ५,६५० रुपये
त्या कार्डाचा खास गोल्ड कॅटलॉग, ६५ पैसे: ७,३४५ रुपये

तेच पॉइंट, आणि खालच्या-वरच्या पर्यायात तिपटीहून जास्त फरक. बिलातून वजा करून घेणं सोपं वाटतं म्हणून लोक तेच बटण दाबतात. या कार्डावर तो सर्वांत वाईट व्यवहार आहे. बँका हे भाव अधूनमधून बदलतात, म्हणून शेवटचं बटण दाबण्याआधी पडद्यावर जो आकडा दिसतो त्याला पॉइंटांनी भागून एका पॉइंटला किती पैसे पडतात ते पाहाच.

गोल्ड कॅटलॉगमधलं एखादं व्हाउचर तुम्ही एरवीही वापरणार असाल तर ते पहिलं. नसेल तर तिकीट.

खिडकीजवळची_सीट:

हिशेबनीस यांच्याशी सहमत, पण तिकिटाच्या ५० पैशांवर डोळे झाकून जाऊ नका. एकाच वेळी दोन खिडक्या उघडा: एकीत बँकेचं पोर्टल, दुसरीत विमान कंपनीची स्वतःची साइट. तेच विमान, तीच वेळ, सामानाची तीच मर्यादा असलेलं भाडं लावा.

समजा पोर्टलवर तिकीट ६,२०० ला आणि कंपनीकडे ५,७०० ला आहे. ११,३०० पॉइंटांचे ५,६५० वजा झाल्यावर तुम्ही ५५० रुपये रोख भराल. कंपनीकडे ५,७०० भरावे लागले असते, म्हणजे खरी बचत ५,१५०. एका पॉइंटला ५० नाही, साधारण साडेपंचेचाळीस पैसे पडले. हे अजूनही व्हाउचरपेक्षा बरं आहे. पण कंपनीच्या साइटवर एखाद्या कार्डाची हजार रुपयांची सूट चालू असेल तर बचत ४,१५० वर येते आणि भाव ३७ पैशांच्या आत उतरतो. सणाच्या आधी अशा सवलती हमखास असतात, तेव्हा त्या दिवशीचा भाव त्या दिवशीच काढायचा.

दोन गोष्टी आधी तपासा. काही कार्डांवर पूर्ण भाडं पॉइंटांतून भरता येत नाही, ठरावीक टक्के रक्कम कार्डावरच घालावी लागते. दुसरं, तिकीट रद्द केलं तर पॉइंट परत येतात का, आणि आले तर जुन्याच मुदतीसह येतात का. मुदत संपल्यावर परत आलेले पॉइंट हातात येऊन काही उपयोग नाही. जाण्याची तारीख पक्की नसेल तर बाद होणारे पॉइंट तिकिटात अडकवू नका.

एअरलाइनच्या माइल्समध्ये (विमान कंपनीचे स्वतःचे पॉइंट) आपले पॉइंट फिरवणं हा आणखी एक मार्ग सांगितला जातो. या कार्डावर २ पॉइंटला १ माइल मिळतो. एकदा फिरवले की परत येत नाहीत. नेमकी कोणती सीट किती माइल्सला मिळते आहे हे आधी शोधलेलं असेल तरच करा. फक्त मुदत टाळायची म्हणून माइल्स करणं म्हणजे अर्धा माल देऊन दुसरं घड्याळ विकत घेणं.

देरा_दुबई:

माइल्सची मुदत प्रत्येक ठिकाणी वेगळी चालते, त्यामुळे ‘दुसरं घड्याळ’ कसलं आहे ते आधी पाहायला हवं. एमिरेट्स स्कायवर्ड्सचे माइल्स साधारण तीन वर्षं टिकतात आणि तुमच्या जन्ममहिन्याच्या अखेरीस बाद होतात. जन्म मार्चचा असेल तर दरवर्षी फेब्रुवारीतच खातं उघडून बघायचं. सिंगापूर एअरलाइन्सच्या क्रिसफ्लायरमध्ये ३६ महिने. अमेरिकेतल्यांसाठी: युनायटेड आणि डेल्टाचे माइल्स मुदतीने संपत नाहीत, अमेरिकन एअरलाइन्सचे २४ महिने खात्यात काहीच हालचाल झाली नाही तर जातात. तिथे एखादी छोटी कमाई किंवा वापर झाला की घड्याळ पुन्हा पहिल्यापासून सुरू होतं.

जमाखर्च:

व्हाउचर घेताना लोक कुठे अडकतात ते लिहितो, कारण पॉइंट वाचवून व्हाउचर वाया घालवणारे खूप आहेत.

व्हाउचरचा कोड बँकेत नोंदवलेल्या मोबाइलवर आणि ईमेलवर येतो. जुना ईमेल बंद असेल तर कोड तिथेच पडून राहतो. म्हणून आधी प्रोफाइल उघडून दोन्ही तपासा, बदलायचे असतील तर बदला आणि मगच विनंती टाका. कोड स्पॅममध्येही जातो.

व्हाउचरला स्वतःची मुदत असते, ब्रँडनुसार सहा महिने किंवा वर्षभर. ॲमेझॉन पेसारखं गिफ्ट कार्ड असेल तर कोड आला त्याच दिवशी खात्यात जमा करा. कोड ईमेलमध्ये ठेवून दिला की तो विसरला जातो.

अटींमध्ये चार ओळी नक्की वाचा: दुकानात चालतं की फक्त ऑनलाइन, एका बिलावर किती व्हाउचर लावता येतात, एकदाच वापरायचं आहे का (तसं असेल तर २,००० च्या व्हाउचरवर १,७०० ची खरेदी केलीत की ३०० गेले), आणि सेलमधल्या किंवा सोन्याच्या वस्तूंवर चालतं का. कपड्यांच्या ब्रँडची व्हाउचरं इथे जास्त त्रास देतात. तुमच्यासारख्याला किराण्याचं व्हाउचर सर्वांत निर्धोक, कारण तो खर्च व्हायचाच आहे.

कॅटलॉगमधले मिक्सर, ट्रॉली बॅगा, हेडफोन शक्यतो टाळा. तिथे वस्तू छापील किमतीच्या हिशेबाने लावलेल्या असतात आणि बाहेर तीच वस्तू बरीच स्वस्त मिळते. बाजारातल्या किमतीने भागून पाहिलंत की भाव आणखी खाली येतो.

वेळेबद्दल: मुदतीच्या किमान दहा दिवस आधी उरका. शेवटच्या रात्री ओटीपी येत नाही, साइट बंद असते, किंवा हवं ते व्हाउचर संपलेलं असतं. विनंती स्वीकारून नंतर माल नाही म्हणून रद्द झाली तर पॉइंट परत येईपर्यंत मुदत उलटू शकते, आणि मग ग्राहक सेवेशी पत्रव्यवहार करत बसावं लागतं. विनंतीचा क्रमांक आणि पॉइंट कापल्याच्या पडद्याचा स्क्रीनशॉट ठेवा. बिल थकलेलं असेल तर अनेक बँका पॉइंट वटवू देत नाहीत, ते आधी भरा. आणि कार्डच बंद करायचा विचार असेल तर पॉइंट आधी वटवा. बंद करायची विनंती गेल्यावर रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे बँकेला सात कामकाजाच्या दिवसांत कार्ड बंद करावं लागतं, त्या काळात व्हाउचरची धावपळ नको.

मीटर_वाचक:

एक महत्त्वाचं राहिलं. ‘तुमचे ९,९८० रुपयांचे रिवॉर्ड पॉइंट आज संपत आहेत, हे ॲप टाका’ असा स्टेट बँकेच्या नावाचा मेसेज व्हॉट्सॲपवर फिरतो, सोबत एपीके (फोनमध्ये ॲप बसवणारी) फाइल असते. केंद्र सरकारच्या पत्र सूचना कार्यालयाच्या (पीआयबी) फॅक्ट चेकने तो खोटा असल्याचं जाहीर केलेलं आहे. ते ॲप एसएमएस वाचायची परवानगी मागतं आणि तुमचे ओटीपी पलीकडे पाठवतं. मुदत जवळ आलेली असताना असा मेसेज खरा वाटतो, म्हणून याच महिन्यात जास्त जपा.

बँकेचं ॲप स्वतः उघडून पॉइंट वटवताना ओटीपी येतो, तो तिथेच टाकायचा, त्यात काही गैर नाही. पण फोनवर कोणी तो विचारला, किंवा पॉइंटांसाठी सीव्हीव्ही आणि पिन मागितला, तर तिथेच थांबा. चुकून फाइल उघडली गेलीच तर त्या फोनचं इंटरनेट बंद करा, दुसऱ्या फोनवरून बँकेला सांगून कार्ड आणि नेटबँकिंग रोखा आणि १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. पैसे गेले असतील तर पहिले काही तास फार मोलाचे असतात.

निळी_वही:

सगळ्यांचे मनापासून आभार. एसबीआयचं २,००० चं किराण्याचं व्हाउचर या आठवड्यात घेते. एकच शंका: २,००० चं एक नसेल आणि १,००० ची दोनच दिसत असतील तर?

हिशेबनीस:

दोन्ही एकाच वेळी कार्टमध्ये घाला आणि एकदाच वटवा. वेगवेगळ्या दिवशी घेतलीत तर शुल्क दोनदा लागेल, म्हणजे २३३ रुपये ६४ पैसे. वटवण्याआधीच्या पडद्यावर शुल्काची ओळ असते. तिथे ते दोनदा लावलेलं दिसलं तर पुढे जाऊ नका, मोठ्या रकमेचं दुसऱ्या किराणा दुकानाचं व्हाउचर शोधा.

आणि रेगालियाच्या ४,५०० साठी तीन महिने आहेत, तेव्हा तिकीट आत्ताच घाईने काढू नका. दिवाळीचं भाडं दोन-तीन दिवस दोन्हीकडे बघा. ४५ पैशांच्या वर पडत असेल त्या दिवशी काढा.