जावानीज भाषेतले सिनेमे: ओळखायचे कसे, कुठून सुरू करायचे?

रातवा:
यूट्यूबवर 'तिलिक' (२०१८) पाहिला. ट्रकच्या हौद्यात उभ्या बायकांची ती बडबड ऐकून जावानीजमधलेच आणखी सिनेमे बघायचेत. पण बऱ्याच साइटींवर सरसकट 'भाषा: इंडोनेशियन' लिहिलेलं असतं. खरोखर जावानीज कुठला ते कसं ओळखायचं? आणि क्रम काय ठेवू?

पाणकोळी:
आधी कथा कुठे घडते ते बघा. मध्य किंवा पूर्व जावातलं योग्याकार्ता, सोलो, मलांग, सुराबाया असेल तर शक्यता चांगली. जावा बेट म्हणजे जावानीज असं मात्र धरू नका. बेटाच्या पश्चिमेला, बांडुंगच्या बाजूला सुंदानीज ही वेगळी भाषा बोलतात. कमिला अंदिनीचा 'नाना' (२०२२) त्या भाषेतला. उलट तिचाच 'युनी' (२०२१) बेटाच्या पश्चिम टोकाला, सेरांगला घडतो आणि त्यात तिथली जावानीज बोली आहे.

मग ट्रेलर ऐका, लक्ष नकारावर ठेवा. 'ओरा' किंवा 'म्बोतेन' आलं की जावानीज. 'तिदाक' म्हणजे इंडोनेशियन. 'गाक'वरून काही ठरवू नका, ते पूर्व जावातही चालतं आणि जकार्तातही.

शेवंता_क:
क्रमाचं म्हणाल तर 'सिती' (२०१४) पहिला. दिग्दर्शक एडी चाह्योनो, जेमतेम दीड तास, परांगत्रितिसचा समुद्रकिनारा. कृष्णधवल आहे आणि चौकट मुद्दाम ४:३ ठेवलीय, तेव्हा टीव्हीचं झूम बंद करा. नाहीतर माणसांची डोकी कापली जातात आणि नायिकेची कोंडी दिसतच नाही. मग 'जियाराह' (२०१६): १९४८च्या डच हल्ल्याच्या वेळी गेलेल्या नवऱ्याची कबर शोधणारी म्हातारी. संथ आहे, पण फार मोलाचा.

'तुराह' (२०१६) त्यानंतर. तो जावातल्याच तेगल शहराच्या बोलीत आहे. योग्याकार्ताकडे शब्दाच्या शेवटचा 'आ' ऑकडे झुकतो, तेगलला 'आ'च राहतो. 'मी'साठी 'न्योंग' ऐकू येईल. मलांगची बोली हवी तर 'योविस बेन' (२०१८).

गारिन नुग्रोहोचा 'ओपेरा जावा' (२००६) शेवटी ठेवा. रामायणातलं सीताहरण, सगळं गाऊन. त्यातली जावानीज रोजच्या बोलण्यातली नाही, त्यामुळे कान तयार करायला त्याचा उपयोग नाही.

पाणकोळी:
एक भर. कोण कुणाशी 'ङोको'त (रोजची, सलगीची जावानीज) बोलतं आणि कोण 'क्रामा'त (आदराची), हे सबटायटल्समध्ये पूर्ण बुडतं. खूण 'मी–तू'च्या सर्वनामांची: 'आकू–कोवे' म्हणजे बरोबरीचे किंवा धाकटे, 'कुला–पांजनंगान' म्हणजे आदर किंवा अंतर. एकाच प्रसंगात कुणी एकीतून दुसरीत गेलं तर तिथे काहीतरी घडलंय. 'तिलिक'च परत बघा, फक्त एवढंच ऐकत.

गवळण७:
सबटायटल फाइल वेगळी मिळाली तर सुरुवात आणि शेवट दोन्ही तपासा. आवाज आणि सबटायटल यांतला फरक दोन्हीकडे सारखा असेल तर व्हीएलसी प्लेअरमध्ये जी आणि एच दाबून भागतं, दर दाबाला ५० मिलिसेकंद. फरक वाढत जात असेल तर सिनेमा सेकंदाला २४ फ्रेमचा आणि फाइल २५ची, असं काहीतरी असतं. दीड तासात साडेतीन मिनिटांवर घसरतं. तिथे सरकवून उपयोग नाही, 'सबटायटल एडिट' या प्रोग्रॅममध्ये फ्रेम रेट बदलून फाइल पुन्हा साठवा.