मदत हवी आहे: मामांचा सागवानी ऑडिओ रॅक, फळ्या खुळखुळतात आणि टर्नटेबल घुमतो

रत्नागिरीच्या मामांनी त्यांचा रॅक मला दिला. त्यांना सामान कमी करायचं होतं आणि भाचरांत रेकॉर्डी ऐकणारा मी एकटाच. लाकूड जुना साग, पाडलेल्या घराच्या तुळयांतून निघालेला. तिथल्याच एका सुताराने मामांनी दिलेल्या मापाने केलाय. रुंदी तीन फूट, खोली पंधरा इंच, फळ्या साधारण २० मिमी जाड. अख्ख्या रॅकमध्ये एकही स्क्रू नाही. बाजूच्या उभ्या पाटांना खाचा पाडून फळ्या आत सरकवल्यात आणि पुढच्या अंगाला, दोन्ही टोकांना, एकेक लाकडी खुंटी मारलीय. मागे काही नाही.

वरच्या फळीवर टर्नटेबल (रेकॉर्ड वाजवायचं यंत्र; बेल्टवाला, हलका) आणि त्याच्या दोन्ही बाजूंना छोटे स्पीकर. मधल्या खणात अँप्लिफायर. सगळ्यात खाली एलपी, दोनशेच्या आसपास. बहुतेक नाट्यसंगीत आणि कुमारजी (कुमार गंधर्व). मामांकडे मांडणी अशीच होती, मीही तशीच ठेवली.

आता अडचण. रॅक नागपूरला आला आणि उन्हाळा लागल्यावर फळ्या खाचेत हलायला लागल्या. हाताने दाबलं की टक् वाजतं. फटीत पोस्टकार्ड सहज सरकतं. तबल्याचा डग्गा जरा जोरात असला की फळी थरथरते. त्यातच आवाज वाढवला की एका टप्प्यानंतर स्पीकरमधून घूंऽऽ सुरू होतं आणि वाढतच जातं. मला वाटतं हे त्या ढिल्या फळ्यांमुळेच.

पॉलिशवाला येऊन बघून गेला. त्याचं म्हणणं, खाचांत अरल्डाइट (पक्का चिकटवणारा गोंद) भरू, चारही कोपऱ्यांना स्क्रू मारू, वरून मेलामाइन पॉलिश, रॅक दगडासारखा होईल. बायको म्हणते करून टाका. माझा हात धजत नाही. जाणकारांनी सांगावं. शिवाय खालची फळी मध्यभागी किंचित बसलीय, तीनेक मिमी असेल. त्याचं काय करू?

प्रतिसाद: स्क्रू मारू देऊ नका

खुंटी फक्त पुढेच का आहे हे आधी बघा, म्हणजे तुमच्या सुताराची अक्कल कळेल. लाकूड लांबीत जवळपास हलत नाही, रुंदीत हलतं. पावसाळी हवेत फुगतं, कोरड्या हवेत आक्रसतं. साग त्यातल्या त्यात सज्जन, तरी पंधरा इंच रुंद फळी कोकणातून नागपूरच्या उन्हाळ्यात आली तर तीन-चार मिमी सहज घटते. पुढून जखडली आणि मागून मोकळी सोडली, की सगळी हालचाल मागच्या बाजूला होते आणि दर्शनी कड जागची हलत नाही. अरल्डाइट आणि चार स्क्रू म्हणजे फळीचे पुढचे-मागचे दोन्ही अंग बांधून टाकणं. मग आक्रसायला जागा नाही, आणि फळी रेषेच्या दिशेने तडकणार. तुळईतलं लाकूड पुन्हा मिळत नाही हो.

जाडीतसुद्धा पाव मिमीच्या आसपास घट आली असेल, तेवढीच तुमच्या पोस्टकार्डाची फट. पावसाळ्यात ती बरीच भरून येईल. तोवर सायकलच्या जुन्या ट्यूबची पातळ पट्टी कापून फळीच्या टोकाखाली सरकवा. खडखड बंद. चिकटवू मात्र नका.

मेलामाइनही नको. आधीचं पॉलिश लाखेचं असेल (स्पिरिटचा बोळा मागच्या कोपऱ्यात लावून बघा, चिकट झालं तर लाखच) तर खरवडून काढायची काही गरज नाही, पुन्हा लाखेचाच हात द्या.

प्रतिसाद: घुमणं वेगळं प्रकरण आहे

वरच्या दादांशी सहमत, पण घूंऽऽचा दोष फळ्यांवर टाकू नका. स्पीकर आणि टर्नटेबल एकाच फळीवर, हेच दुखणं. स्पीकर फळी हलवतो, फळी सुई हलवते, सुईची हालचाल अँप्लिफायर मोठी करून परत स्पीकरला देतो. हे चक्र एकदा सुरू झालं की थांबत नाही. मामा कदाचित हळू आवाजात ऐकत असतील.

खात्री करून घ्या. मोटर बंद, रेकॉर्ड स्थिर, त्यावर सुई ठेवा. आवाज नेहमीच्या पातळीवर हळूहळू न्या आणि रॅकवर बोटाने टिचकी मारा. ठण्ण असं स्पीकरमधून ऐकू आलं तर फळीचा धक्का सुईपर्यंत पोचतोय. सुई उचलूनही गुणगुण राहिली तर मात्र भानगड विजेची. अर्थिंगची तार बघा, आणि टर्नटेबल अँप्लिफायरच्या ट्रान्सफॉर्मरपासून लांब सरकवून बघा.

उपाय फुकटातला आधी: स्पीकर रॅकवरून खाली उतरवा. स्टँड नसतील तर तूर्त विटांवर ठेवा. पुढचा उपाय: टर्नटेबलखाली कडप्पा. ४५ बाय ४० सेंमीचा, २ सेंमी जाडीचा तुकडा दहाएक किलो भरतो. त्याखाली चार रबरी बुटके पाय. हलका टर्नटेबल जड दगडावर की हलक्या पण कडक पाटावर, यावर ऑडिओवाल्यांचे दोन पंथ आहेत आणि दोन्हीकडचे कान शपथेवर सांगतात. मी कडप्पावाला.

धागाकर्ता:

दोघांचे आभार. टिचकी मारली, आणि सोफ्यावर बसलेल्या बायकोनेही मान वर केली इतका आवाज आला. सुई उचलली की पूर्ण शांतता. स्पीकर खाली स्टुलांवर ठेवले आणि तीच रेकॉर्ड नेहमीपेक्षा वरच्या आवाजात लावली, घूं नाही. पॉलिशवाल्याला नको म्हणून कळवलं. ट्यूबच्या पट्ट्या घातल्यात. वाकलेल्या फळीबद्दल कुणी बोललंच नाही.

प्रतिसाद: वाक

एक एलपी कव्हरसकट पाव किलोच्या आसपास धरा. दोनशेचे झाले पन्नास किलो, तेही तीन फुटांच्या मोकळ्या फळीवर, वर्षानुवर्षं. तीन मिमी म्हणजे काहीच नाही, उलट कौतुक करा. जाडी २० ची २५ मिमी असती तर वाक निम्म्यावर आला असता. पण आता फळी बदलू नका, बरोबर मध्यावर खालून एक उभा आधार द्या. गाळा (दोन आधारांमधलं अंतर) अर्धा केला की वाक सोळाव्या हिश्श्याहून कमी होतो. आधार जमिनीवर टेकलेला हवा आणि फळीला नुसता लागून, ठोकलेला नको. आधी रेकॉर्डी काढा, फळी थोडी वर येऊ द्या. जुना बाक पूर्ण जाणार नाही. रेकॉर्डी तिरक्या टेकवत असाल तर तेवढं बंद करा, उभ्याच ठेवा, नाहीतर त्याच वाकतील.

आणि कूलर कुठे आहे? नागपूर म्हटल्यावर विचारतोय. त्याचा ओला झोत थेट रॅकवर येत असेल तर एक बाजू फुगणार, दुसरी कोरडी राहणार, फळीला पीळ पडणार. कव्हरांना बुरशी वेगळीच. मधल्या खणात अँप्लिफायरच्या डोक्यावर चारेक इंच मोकळे आहेत ना?

धागाकर्ता:

अँप्लिफायरवर जेमतेम दोन इंच आहेत, तो आता वर नेतो, स्पीकर गेल्याने टर्नटेबलच्या एका बाजूला जागा झालीय. मात्र ट्रान्सफॉर्मर लांब ठेवायचा तर कसरत आहे, म्हणून आधी अँप्लिफायर टर्नटेबलच्या डावीकडे आणि उजवीकडे ठेवून ऐकून बघतो. कूलर खिडकीत आहे आणि रॅक नेमका समोर. रॅक हलवणं दोघांचं काम, रविवारी शेजाऱ्याला बोलावतो.

उभ्या आधाराला सागच हवा का, की कुठलंही वाळलेलं लाकूड चालेल? आणि नागपुरात जुन्या सागात हात असलेला, ऐकून घेणारा मिस्त्री कुणाला माहीत असेल तर कृपया व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.