फझ दुपारी का बिघडतो?
तुमचा घरी बनवलेला फझ फेस, म्हणजे गिटारचा आवाज खरखरीत करणारं पेडल, सकाळी झकास वाजतो आणि दुपारी आवाज तुटतो, यात सोल्डरिंगचा दोष नसावा. जर्मेनियम ट्रान्झिस्टर तापला की त्याची गळती (नको तिथून वाहणारा करंट) वाढते आणि बायस, म्हणजे त्याचं ठरवलेलं कामाचं व्होल्टेज, सरकतो. १९६६ च्या मूळ पेडलचंही हेच दुखणं. पुढे त्यात सिलिकॉनचा बीसी १०८ ट्रान्झिस्टर आला. माझा फझ मात्र जुन्या रेडिओतल्या एसी १२८ या जर्मेनियम ट्रान्झिस्टरवर आहे, आणि त्याचा मऊ आवाज सोडवत नाही. बायस जागेवर आणायला ८.२ के (किलोओहम) च्या रेझिस्टरजागी २० केचा ट्रिमपॉट, म्हणजे फिरवून बदलता येणारा रेझिस्टर, लावा. मीटरची पिन दुसऱ्या ट्रान्झिस्टरच्या कलेक्टर या पायावर टेकवून, ट्रिमपॉट फिरवत साडेचार व्होल्टच्या आसपास आणा, मग शेवटचं कानाने ठरवा. उन्हं वाढली की एप्रिलमध्ये मी तो ट्रिमपॉट पुन्हा थोडा फिरवतो. आणि हो, ट्रान्झिस्टर पीएनपी (उलट ध्रुवतेचे, एसी १२८ सारखे) असतील तर इतर पेडल्सच्या अ‍ॅडॅप्टरवर जोडू नका, वेगळी ९ व्होल्टची बॅटरी द्या.