बारसं रविवारी, पण पूर्ण नाव जिभेवर बसत नाहीये

ए-६०२ (स्नेहल): काका-काकू, रविवारी क्लबहाउसमध्ये बारसं आहे, सगळ्यांनी यायचंच. 'श्रेयस' जवळपास ठरलंय. पण आता आईचं नावही लावायचं ना? 'श्रेयस स्नेहल अमेय' म्हटलं की कुठेतरी अडतं.

बी-१०४ (काकू): हो गं, १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांना शाळेच्या-परीक्षेच्या कागदांवर बाळाचं नाव, आईचं, वडिलांचं, मग आडनाव, हा क्रम आहे. म्हणजे मधली नावं ठरलेलीच, ती तुम्ही दोघं. निवडायचं ते पहिलं, या दोघांशी जुळणारं. मी तीस वर्षं वर्गात हजेरी घेतलीये. श्रेयसचा शेवटचा 'स' आणि स्नेहलचा पहिला 'स्' चिकटतात, भरभर म्हटलं की 'श्रेयस्नेहल' ऐकू येतं. पहिलं नाव वेगळ्या अक्षरावर संपू दे.

ए-६०२: अगदी हेच होतंय काकू!

सी-३०१ (काका): आईचं नाव लावताय याचा फार आनंद झाला. आपल्याकडे हे नवं नाही. सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णी आईच्याच नावाने ओळखला जातो. नाशिकच्या पांडवलेण्यांत त्याची आई गौतमी बलश्री हिचा लेख आजही आहे.
पण एक सांगतो. आमच्या सूनबाईंचं नाव किरण. नातवाच्या लसीकरणाच्या कार्डावर वडिलांच्या रकान्यात 'किरण' आलं, दुरुस्तीला दोन हेलपाटे झाले. स्नेहल हेही मुलांचं नाव असतं. प्रत्येक फॉर्मवर रकाना वाचूनच सही करा.

डी-२०२: स्पेलिंगही बघा. अमेयच्या शेवटी इंग्रजीत 'ए' आहे की नाही? आधारवर एक, पासपोर्टवर दुसरं, असं नको. १ ऑक्टोबर २०२३ नंतर जन्मलेल्यांना पासपोर्टसाठी जन्मतारखेचा पुरावा म्हणून जन्मदाखलाच चालतो.

ए-६०२: बापरे, अमेयच्या आधारवर 'ए' नाही, पासपोर्टवर आहे. आणि हॉस्पिटलने नाव लगेच द्या म्हणून घाई केली होती.

बी-१०४: घाई कशाला? जन्माची नोंद २१ दिवसांत व्हायला हवी, पण ती नावाशिवायही होते. नाव १२ महिन्यांपर्यंत विनाशुल्क घालता येतं, त्यानंतर विलंब शुल्क भरून १५ वर्षांपर्यंत. आधी अमेयची कागदपत्रं एकसारखी करून घ्या, मग क्षेत्रीय कार्यालयात जा.

ए-६०२: आत्ता बाळाला मांडीवर घेऊन मोठ्याने म्हणून पाहिलं. 'राघव स्नेहल अमेय'. कुठेच अडलं नाही, आणि तो टक लावून बघत होता. श्रेयस आजेसासऱ्यांनी सुचवलंय, ते पाळण्यातलं नाव ठेवू. आत्या आधी तेच कानात सांगतील.

बी-१०४: छान. उद्या चारनंतर दोघांची आधार कार्डं घेऊन ये, एकेक अक्षर लावून बघू.