खोताची वाडी जपायची, पण कुणाच्या खर्चाने?

ठाकूरद्वारकर: गिरगावच्या खोताच्या वाडीत एकेकाळी पासष्टच्या आसपास घरं होती, आज तीसही उरलेली नाहीत. अठराव्या शतकाच्या अखेरीस दादोबा वामन खोत या पाठारे प्रभू गृहस्थांनी ईस्ट इंडियन, म्हणजे मुंबईच्या मूळच्या ख्रिस्ती, कुटुंबांना जमिनी दिल्या आणि वाडी वसली. लोक 'पोर्तुगीज गल्ली' म्हणून फोटो काढतात, पण राहणारे इथलेच, घरात मराठी बोलणारे ख्रिस्ती. कौलारू छप्पर, बाहेरून लाकडी जिना, पुढे पडवी. पडवीत बसलेल्याशी येणारा-जाणारा बोलतोच. टॉवर आला की खालचे मजले पार्किंगचे, गल्लीला नुसती भिंत. वाडीत यापुढे एकही टॉवर नको.

चाळकरी: मी जवळच्याच चाळीत राहतो. जिना टेकूवर, संडास सामाईक. जुन्या चाळींच्या पुनर्विकासाच्या ३३(७) या नियमाखाली आम्हाला किमान ३०० चौरस फुटांचं मालकीचं घर मिळणार आहे. आणि वाडीतल्या मालकाने घर विकलं तर त्याला का बोल लावता? कौलं बदलायला, सागाचे वासे घालायला फोटोवाले पैसे देतात का?

ठाकूरद्वारकर: चाळींच्या पुनर्विकासाला माझा विरोध नाहीच. पण वाडीतली बरीच घरं पिढीजात मालकीची आहेत, त्यांना चाळीचा हिशोब कसा लावता? १९९५ च्या हेरिटेज नियमावलीपासून अशा मालकाला बुडालेल्या बांधकाम हक्कांच्या बदल्यात टीडीआर, म्हणजे दुसऱ्या जागी वापरता येणारा बांधकाम हक्क, देण्याची तरतूद आहे. तो विकून दुरुस्ती करता येते.

नकाशेवाली: तरतूद आहे, पण घर आजोबांच्या नावावर आणि वारस तीन देशांत. सह्या गोळा होईपर्यंत वाशांना वाळवी लागते. आधी वारसनोंद सोपी करा. शिवाय नुसती घरं वाचवून भागणार नाही. वाडीला चिकटून चाळीस मजले उठले तर पडवीत ऊन येणार कुठून? कडेच्या इमारतींनाही उंचीची मर्यादा हवी.

चाळकरी: इथेच आमचा गळा आवळला जातो. आमची घरं फुकट मिळतात ती वरच्या मजल्यांवरचे फ्लॅट विकून. मजले कापले की बिल्डर निघून जातो. तुमच्या उन्हासाठी आम्ही आणखी किती वर्षं टेकूखाली झोपायचं?

ठाकूरद्वारकर: हे मान्य. म्हणून मर्यादा वाडीला थेट लागून असलेल्या भूखंडांपुरतीच ठेवा आणि तिथल्या चाळींची तूट सरकारने भरावी. गल्ली साऱ्या मुंबईची असेल तर तिचा खर्च एकट्या चाळीवर का?

चाळकरी: ही हमी लेखी द्या. मग आमच्या चाळीची पहिली सही माझी.